कळत केलेलं

पौरोहित्य मी निवृत्त झाल्यावर शिकले. त्याआधी आयुष्यभर एका सरकारी कचेरीत आवक-जावक पाहिली. घरात भिक्षुकी कुणी केलेली नव्हती. वडील शिक्षक, सासरेही शिक्षक. शनिवार पेठेत एक गुरुजी दुपारी बायकांना शिकवतात असं कळलं. पाठांतर बरं होतं आणि दुपारी घरी बसून करण्यासारखं काही नव्हतं, म्हणून गेले. आता धायरीपासून वारज्यापर्यंत मी पूजा सांगायला जाते. स्कूटरच्या डिकीत आसन आणि पोथ्या असतात. सुरुवातीला दार उघडणारी माणसं माझ्या खांद्यावरून मागे बघायची आणि विचारायची, "गुरुजी कधी येणार?" मी म्हणायचे, "आले आहेत." हल्ली असं कमी होतं.

लोक आपल्याला काही सांगतील आणि ते ऐकावं लागेल, हे मात्र मला कुणी शिकवलं नव्हतं. पूजा झाल्यावर माणसं बोलतात ती मुलाच्या परदेशातल्या नोकरीबद्दल, नाहीतर प्रसादाच्या शिऱ्यात केळं किती घालावं याबद्दल. पापाबद्दल कुणी बोलत नाही. संकल्पात मात्र पापांचा उल्लेख असतोच. यजमान हातात पाणी घेतात. मी संस्कृतात म्हणते, की मनानं, वाणीनं, शरीरानं, कळत-नकळत जी पापं घडली असतील ती जावीत म्हणून हे करतो आहे. यजमान "करिष्ये" म्हणतात आणि पाणी ताम्हनात सोडतात. पुष्कळांचं लक्ष तेव्हा फोनकडे असतं. मला त्यात कधी काही खटकलं नव्हतं.

पुढचं लिहिते आहे ते काकूंना विचारून. "लिहा," म्हणाल्या. "फक्त नावं घालू नका. माझ्यासाठी नव्हे, इतरांसाठी."

काकू वारज्याला मुलाकडे राहतात. त्यांच्या पंचाहत्तरीची शांत करायची होती, म्हणून मुलाचा फोन आला. काय काय आणायचं, किती वेळ लागेल हे सांगायला मी एका रविवारी त्यांच्याकडे गेले. मुलगा आणि सून दोघंही आयटीत. काकू लहानखुऱ्या, केसांचा घट्ट अंबाडा घातलेल्या, गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं असल्यामुळे उंच खुर्चीत बसलेल्या. पेपर मांडीवर होता आणि आमचं बोलणं चालू असताना त्यांनी तो घडी करून बाजूला ठेवला.

विधीचा अर्थ मराठीत सांगायची मला सवय आहे. सुरुवातीला प्रायश्चित्ताचा संकल्प असतो, त्यात कळत-नकळत घडलेल्या पापांचा उल्लेख येतो, असं मी सांगितलं. काकूंनी विचारलं, "नकळत झालेल्यांचं ठीक आहे. कळत केलेल्यांचंही यातच होतं का?"

मुलगा हसला. "आई, तू कळत काय केलंयस? मला रोज डब्यात भेंडी दिलीस, तेवढंच."

सूनही हसली. काकू हसल्या नाहीत. मी शिकले होते तसं उत्तर दिलं, "हो, सगळ्यांचंच होतं."

"बरं," काकू म्हणाल्या. रंग जाणार नाही असं दुकानदारानं सांगितल्यावर गिऱ्हाईक म्हणतं, तसं ते "बरं" होतं.

त्याच आठवड्यात त्यांचा फोन आला. "दुपारी येऊ शकाल का? घरी कोणी नसताना. शांतीचंच काम आहे, पण वेगळं."

मी गेले. त्यांनी आधीच सरबत करून ठेवलं होतं. मी पेला हातात घेतला तशी त्या बोलायला लागल्या. बरेच दिवस मनात जुळवलेलं असावं, कारण कुठे अडखळल्या नाहीत.

लग्नानंतर बरीच वर्षं त्या शनिवार पेठेत एका तीन मजली इमारतीत भाड्यानं राहत होत्या. गॅलरी सामायिक. शेजारच्या बिऱ्हाडात आई, वडील आणि एकुलती एक मुलगी. मुलगी गणितात हुशार, नुकतीच शाळेत शिकवायला लागलेली. काकूंना ती फार आवडायची. इतकी, की आपल्या धाकट्या भावासाठी त्यांनी तिला मागणी घातली. शेजाऱ्यांनी गोड बोलून नकार दिला. "आम्हाला तिचं एवढ्यात करायचं नाही," म्हणाले.

"मग काही महिन्यांत एक गृहस्थ माझ्या दारात आले," काकू म्हणाल्या. "शेजारच्या मुलीची चौकशी करायची होती. नाशिककडचं स्थळ, मुलाचे मामा होते ते. तेव्हा चौकशी अशीच व्हायची, शेजारीपाजारी विचारून. मला कळलं, की एवढ्यात करायचं नाही असं नव्हतं. माझ्या भावाशी करायचं नव्हतं."

मी पेला खाली ठेवला.

"मी त्यांना बसवलं. चहा केला. मीच म्हटलं, मुलगी चांगली आहे, घर चांगलं आहे. आणि म्हटलं, फक्त तिला फिट्स येतात, तेवढं डॉक्टरना विचारून घ्या."

"येत होत्या?"

"नाही हो. लहानपणी तापात एकदा झटका आला होता, आत्याकडे गेलेली असताना. तिच्या आईनंच मला विश्वासानं सांगितलं होतं. दोघी गॅलरीत तांदूळ निवडत होतो. त्या एका झटक्याचं मी हे केलं."

ते लग्न जमलं नाही. पत्रिका जुळत नाही असं नाशिकहून कळवण्यात आलं. नंतर आणखी एकदोन ठिकाणी बोलणी निघाली आणि थांबली. तोवर कुजबुज पसरली असावी. मुलगी अविवाहितच राहिली, शाळेत शिकवत राहिली आणि अलीकडेच निवृत्त झाली. मधल्या काळात इमारत पाडून नवी झाली, काकू मुलाबरोबर वारज्याला आल्या, ती तिथेच नव्या फ्लॅटमध्ये राहिली. पण संबंध सुटला नाही. तिनं काकूंच्या मुलाला गणित शिकवलं. ती दिवाळीला येते. काकूंच्या गुडघ्याच्या ऑपरेशनला सून बाळंतपणासाठी माहेरी होती, तेव्हा हॉस्पिटलमध्ये त्यांच्याजवळ तीच राहिली.

"माझे पाय चेपले तिनं," काकू म्हणाल्या. "आता सांगा, याला काय प्रायश्चित्त असतं? तुमच्या त्या संकल्पात हे बसतं का? बसत असेल तर बसतं म्हणा. मी ऐकेन."

"विचारून सांगते," म्हटलं आणि निघाले.

गुरुजी आता थकले आहेत, शिकवणं बंद केलंय, पण विचारलेलं आवडतं. कुणाचं आहे हे न सांगता मी सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि आधी माझी परीक्षाच घेतली. "पूर्वी काय करायचे? सांगा."

मी आठवेल तेवढं सांगितलं. पूर्वी पाप करणारा विद्वानांच्या परिषदेसमोर जायचा, नमस्कार करून आपलं कृत्य मोठ्यानं सांगायचा. लपवाछपवी न करता सांगणं हाच प्रायश्चित्ताचा पहिला भाग. मग परिषद त्याचं वय, ताकद, परिस्थिती बघून काय करायचं ते ठरवून द्यायची.

"आणि जे कुणालाच माहीत नाही ते?"

"त्याला रहस्य-प्रायश्चित्त. जप, प्राणायाम वगैरे. ते गुपचूप करायचं, कुणाला सांगायची गरज नाही."

"मग अडलंय कुठे?"

"हे त्यात बसतं का? ते त्यांच्याशिवाय कुणाला माहीत नाही."

"का? तो मामा काय भिंत होता?" गुरुजी म्हणाले. "त्यानं घरी जाऊन सांगितलं असणार. चार जणांना कळलं. जिचं नुकसान झालं तिला तेवढं कळलं नाही. याला तुम्ही गुप्त म्हणताय."

"म्हणजे त्यांनी तिला सांगायला हवं."

"मी तसं म्हटलेलं नाही. घरात जप करून मोकळं होणं सोयीचं आहे, एवढंच म्हटलं. आता तिला जाऊन सांगणं हीसुद्धा सोय असू शकते. यांचं ओझं उतरेल आणि त्या बाईच्या डोक्यावर बसेल. साठीच्या बाईला हे आज कळून ती काय करणार आहे? ते तुमच्या यजमानीणबाईंनी ठरवायचं. तुम्ही नाही, मीही नाही."

"पण त्यांनी मला विचारलंय."

"मग हे दोन्ही सांगा. आणि ठरवायला वेळ द्या. पंचाहत्तर म्हणजे काही घाईचं वय नाही."

मी काकूंना दोन्ही सांगितलं. शक्य तितकं गुरुजींच्याच शब्दांत सांगितलं, माझ्या पदरचं घातलं नाही. त्यांनी विचार करायला वेळ घेतलाच नाही. "शांत झाल्यावर सांगायचं म्हणजे शांत वाया," म्हणाल्या. "ती शांतीला येणार, मला ओवाळणार. ते मला चालायचं नाही. आधी सांगते. तुम्ही बरोबर याल का?"

"मी कशाला?"

"तुम्ही नसलात तर मी चकल्यांवर बोलून परत येईन."

हे खरं वाटलं म्हणून मी हो म्हटलं.

मुलानं आम्हाला गाडीतून शनिवार पेठेत सोडलं. त्याला वाटलं, आई शांतीचं आमंत्रण द्यायला चालली आहे. तो खालीच गाडीत थांबला, कारण लावायला जागा नव्हती. लिफ्टमध्ये काकूंनी दोनदा पदर सारखा केला.

दार उघडणाऱ्या बाई उंच, चष्मा लावलेल्या, आवाज शिक्षिकेचा. मी त्यांना ताई म्हणते. त्यांनी काकूंचा हात धरून त्यांना बसवलं, माझी ओळख विचारली, उपमा करते म्हणाल्या. काकू म्हणाल्या, "उपमा नको. तू बस. मला काही सांगायचंय आणि मग तू मला जा म्हणालीस तरी चालेल."

आणि त्यांनी सांगितलं. मला सांगितलं होतं तसंच, भावासाठी मागणी घातली होती तिथपासून. कुठेही "तेव्हा मला समजत नव्हतं" असं म्हणाल्या नाहीत. ताई ऐकत होत्या. मधे त्यांनी चष्मा काढला आणि परत लावला.

मग ताईंनी विचारलं, "त्या मामांनी तुमचं नाव सांगितलं का कुणाला?"

"माहीत नाही. मी सांगू नका म्हटलं होतं."

"नाही सांगितलं. मध्यस्थाकडून बाबांना एवढंच कळलं, की फिट्सचं तुमच्या अगदी जवळच्या माणसानं सांगितलंय. बाबांना वाटलं, आत्यानं. त्या झटक्याचं तिला, आईला आणि बाबांनाच माहीत होतं. तिच्याच घरी तर झालं होतं ते." ताईंचा आवाज चढला नव्हता. "बाबा त्यानंतर आत्याशी बोलले नाहीत. शेवटपर्यंत. ते गेले तेव्हा ती आली होती आणि दारात उभी राहून गेली."

काकूंना हे माहीत नव्हतं. त्यांचा चेहरा मी बघत होते. इतकी वर्षं त्यांनी एका लग्नाचा हिशेब मनात ठेवला होता आणि तो चुकीचा निघाला होता.

"लग्नाचं म्हणाल तर," ताई म्हणाल्या, "मला तो मुलगा नीट आठवतही नाही. पोहे खूप खाल्ले होते त्यानं. त्याच्याशी झालं असतं तर चांगलंच झालं असतं असं काही नाही. पण म्हणजे काही बिघडलं नाही असं समजू नका."

"नाही समजत."

मग ताईंच्या लक्षात काहीतरी आलं. ते येताना मला दिसलं.

"काकू, आईनं तुम्हाला झटक्याचं सांगितलं होतं."

"हो."

"म्हणजे फिट्सचं ऐकल्यावर आईला कळलं असणार, की हे तुमच्याकडून गेलंय."

काकू खाली बघत म्हणाल्या, "कळलं असेल."

"आणि ती गप्प बसली. बाबा आत्याला बोलत होते आणि ती बसून ऐकत होती."

गुरुजींनी ओझं म्हटलं होतं ते कसलं असेल याचा मी अंदाज केला होता, पण त्यात ही आई नव्हती. ताई उठून स्वयंपाकघरात गेल्या. नळ चालू केल्याचा आवाज आला, तो पुष्कळ वेळ चालू राहिला. परत आल्या तेव्हा चेहरा धुतलेला होता.

"आत्या आहे अजून," त्या म्हणाल्या. "धायरीला, नातवाकडे. तिला सांगा. मला सांगून भागणार नाही."

"आज?" काकूंनी विचारलं.

"तुम्हाला उद्या जमेल का?" ताईंनी विचारलं. त्यात थोडा टोमणा होता आणि तो योग्य होता.

आम्ही तिघी खाली उतरलो. मुलाला काकूंनी सांगितलं, "धायरीला जायचंय." त्यानं आईकडे पाहिलं, ताईंकडे पाहिलं आणि गाडी सुरू केली. सिंहगड रस्त्यावर नेहमीसारखी गर्दी होती. मध्येच त्यानं रेडिओ लावला आणि लगेच बंद केला.

धायरीत आत्या माझ्या घरापासून लांब राहत नव्हत्या हे मला तेव्हा कळलं. नव्वदीच्या जवळ पोचलेल्या, पलंगावर भिंतीला टेकून बसलेल्या. ताईंना बघून त्यांना आनंद झाला आणि आश्चर्यही वाटलं, कारण ताई तिकडे क्वचितच जायच्या. वडिलांच्या मर्जीबाहेर पूर्वी जाता आलं नाही आणि नंतर सवय राहिली नाही. घरात नातसून होती, तिची आई आलेली होती, बाजूच्या खोलीत नातू लॅपटॉपवर काम करत होता. काकूंना उभं राहवेना म्हणून मुलगाही हात धरून वर आला होता.

आत्यांना कमी ऐकू येतं. हे ताईंनी आधी सांगितलं नव्हतं, किंवा सांगायचं सुचलं नव्हतं.

काकू पलंगाशेजारी खुर्चीवर बसल्या आणि हळू आवाजात बोलायला लागल्या. आत्यांनी कानामागे हात धरला. "काय?"

काकूंनी आवाज चढवला. "तुमच्या भाचीचं लग्न मोडलं होतं. नाशिकचं."

"कुणाचं?"

"हिचं."

"हिचं लग्न कुठे झालंय?"

"झालं नाही. मोडलं. माझ्यामुळे."

"मोठ्यानं बोल, बाई."

मग काकू मोठ्यानं बोलल्या. पंचाहत्तर वर्षांच्या बाईला जेवढ्या मोठ्यानं बोलता येईल तेवढ्या. "हिला फिट्स येतात असं मी पाहुण्यांना सांगितलं. खोटं सांगितलं. तुमच्या भावाला वाटलं, तुम्ही सांगितलंत."

बाजूच्या खोलीतलं टाइप करणं थांबलं. नातसून दारात येऊन उभी राहिली. काकूंचा मुलगा भिंतीशी होता, त्यानं मान खाली घातली. आत्यांनी ते पुन्हा म्हणायला लावलं. ऐकू आलं नव्हतं म्हणून की ऐकू आलं होतं म्हणून, हे मला कळलं नाही. काकूंनी पुन्हा म्हटलं. शब्द बदलले नाहीत.

"दादाला वाटलं, मी सांगितलं?" आत्या म्हणाल्या.

"हो."

"म्हणून बोलत नव्हता?"

"हो."

आत्या समोरच्या भिंतीकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "मला वाटायचं, माझ्या मुलाच्या लग्नात त्याचा मान राहिला नाही. त्याला उपरणं द्यायचं राहिलं होतं. मी किती वेळा आठवलं ते. किती वेळा वाटलं, नेऊन द्यावं. पण तो दार उघडायचा नाही." त्या काकूंकडे वळल्या. "तापातल्या झटक्याचं तुला कुणी सांगितलं? मी तर कुणाला बोलले नव्हते."

काकूंनी ताईंकडे पाहिलं. "आता आठवत नाही," त्या म्हणाल्या.

"आठवतंय त्यांना," ताई म्हणाल्या. मग आत्याच्या कानाशी वाकून, मोठ्यानं, "आईनं सांगितलं होतं."

आत्यांना हे एकदाच सांगावं लागलं.

"वहिनी एकदा आली होती माझ्याकडे," त्या म्हणाल्या. "दादा गावाला गेलेला असताना. भाजणीचा डबा घेऊन आली. बसली, रडली आणि काही न बोलता गेली. मी म्हटलं, दादाशी भांडून आली असेल. डबा राहिला तो राहिलाच."

ताई पलंगाच्या कडेवर बसल्या. त्यांनी आत्यांचा हात धरला नाही, आत्यांनीच त्यांचा धरला.

तेवढ्यात नातसून चहा घेऊन आली. आत्यांनी काकूंकडे बोट केलं. "तिला देऊ नकोस."

नातसुनेला काय करावं कळेना. काकू म्हणाल्या, "नकोच मला," आणि उठायला लागल्या. मुलगा पुढे झाला. मी कुणाची कोण हे तोवर कुणी विचारलं नव्हतं, त्यामुळे माझ्या हातात कप आला होता. मी तो तसाच ठेवून त्यांच्यामागे निघाले. ताई तिथेच राहिल्या.

गाडीत काकू पुढे बसल्या होत्या. सिंहगड रस्त्याला लागल्यावर मुलगा म्हणाला, "आई, मला दहावीत गणितात त्यांनीच तारलं."

"माहीत आहे मला," काकू म्हणाल्या.

नंतरचे काही दिवस तो आईशी कामापुरतंच बोलला. औषध घेतलंस का, जेवलीस का, एवढंच. सुनेचा मला फोन आला. शांत रद्द करावी, असं नवऱ्याला वाटतंय म्हणाली. "तुम्हाला काय वाटतं?" मी विचारलं. ती म्हणाली, "मला वाटतं, आईंनी केलं ते वाईटच केलं. पण सांगितलं ते त्यांचं त्यांनी. आम्ही कुणी त्यांना पकडलं नव्हतं. शांत करू या. पाहुणे नकोत."

मी पुन्हा गुरुजींना विचारायला गेले. त्यांना काय काय झालं ते सांगितलं. "आता त्यांना काय प्रायश्चित्त सांगू?"

"वय काय म्हणालात?"

"पंचाहत्तर. गुडघ्याचं ऑपरेशन झालंय."

"उपास सांगू नका. रोज बसल्या जागी जप करू दे, जमेल तेवढा. आणि दुसऱ्यांच्या मुलामुलींबद्दल बोलणं बंद."

काकूंनी दुसरं अधिक काटेकोरपणे पाळलं. त्यांच्या इमारतीत हल्ली कुणी एखाद्या मुलाबद्दल किंवा मुलीबद्दल विचारलं, तर त्या म्हणतात, "मला माहीत नाही, त्यांनाच विचारा." सून सांगते, सोसायटीत त्या आखडू म्हणून प्रसिद्ध झाल्या आहेत.

शांत झाली. घरातलीच माणसं होती. खिडक्या उघड्या ठेवूनही हवनाचा धूर कोंडला आणि काकूंचा छोटा नातू खोकायला लागला, म्हणून त्याला वरच्या मजल्यावर शेजाऱ्यांकडे पाठवलं. काकू पाटावर बसू शकत नव्हत्या, खुर्चीवर बसल्या. मुलगा शेजारी पाटावर बसला. पळीनं त्यानंच त्यांच्या हातावर पाणी घातलं. कळत-नकळत हे शब्द आले तिथे मी थांबले. थांबायचं ठरवलं नव्हतं. काकू माझ्याकडे बघत होत्या. मग मी पुढचं म्हटलं, त्यांनी "करिष्ये" म्हटलं आणि पाणी सोडलं. नंतर मुलानं त्यांना नमस्कार केला तेव्हा त्यांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो लवकर उचलला नाही. जेवताना तो आईला म्हणाला, "कढी चांगली झालीय, घे." त्या दिवसापासून त्यांचं बोलणं हळूहळू पूर्ववत झालं.

ताई शांतीला आल्या नाहीत. त्या दिवाळीलाही आल्या नाहीत. काकूंनी त्यांना फोन केला नाही. "मी करायचा नाही," म्हणाल्या. "मी केला तर तिला उचलावा लागेल." पुढे उन्हाळ्यात एकदा ताईंचाच आला. गुडघा कसा आहे विचारलं, दुसरं काही नाही. आता कधीमधी येतो. काकू तेवढ्यावर समाधानी आहेत की नाहीत, हे मी विचारलेलं नाही.

आत्यांनी काकूंना माफ केल्याचं माझ्या तरी कानावर नाही. ताई मात्र आता धायरीला बऱ्याचदा येतात. बसनं येतात, आत्यांना पेपर मोठ्यानं वाचून दाखवतात, संध्याकाळी परत जातात. अलीकडे एकदा भाजीवाल्यापाशी आम्ही समोरासमोर आलो. मला ओळखायला त्यांना क्षणभर वेळ लागला.

इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर मी विचारलं. विचारू नये असं वाटत होतं, तरी विचारलं. "ताई, हे कळलं ते बरं झालं का?"

त्यांनी मेथीची जुडी उलटी करून देठं पाहिली. "रोज वेगळं वाटतं," म्हणाल्या. "आत्याकडे असले की वाटतं, बरं झालं. घरी गेल्यावर आईच्या फोटोकडे बघवत नाही. मग वाटतं, ती डबा घेऊन गेली होती ना. मग वाटतं, पण बोलली का नाही? असं चालू असतं."

"अजून?"

"अजून म्हणजे काय? मला कळून किती दिवस झालेत?"

हेही खरं होतं. त्यांनी जुडी पिशवीत टाकली आणि निघता निघता वळल्या.

"पितृपंधरवड्यात आईचं करायचं आहे. इतकी वर्षं मी नुसतं पान वाढत होते. या वर्षी रीतसर करावं म्हणते. मी मुलगी आहे, चालतं ना तुमच्यात?"

"चालतं," मी म्हटलं.

"आत्यालाही यायचंय. तिला गाडीपासून लिफ्टपर्यंत आणायचं म्हणजे चाकांची खुर्ची लागेल. तुम्ही सकाळी लवकर आलात तर बरं, ऊन व्हायच्या आत तिला परत सोडता येईल."

मी येते म्हटलं.